कोण कोणाच्या जिवावर? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात आम्ही आपल्या परिसरातील प्राण्यांविषयी प्रश्न मागवले होते. पत्रे बहुतेक ठाणे आणि नवी मुंबईतून आली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रांत एकच शब्द होता: 'उपयोग'. अमुक प्राण्याचा निसर्गात उपयोग काय, तमुक प्राणी नसता तर काय बिघडले असते, अशी विचारणा होती. उपयोग म्हटला की तो कोणाला, हेही विचारावे लागते, म्हणून पुढील उत्तरांत मी हा शब्द शक्यतो टाळला आहे. एखादा प्राणी काय करतो आणि त्याच्या करण्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे काय होते, एवढेच सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्न: ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलावर असंख्य भोके आणि त्यांभोवती मातीच्या बारीक गोळ्या दिसतात. माझ्या नातवाने विचारले, "आजोबा, रोहित पक्षी बघायला लोक येतात, पण हे खेकडे कशाला आहेत?" मला उत्तर देता आले नाही. (एक निवृत्त वाचक, ऐरोली)

आपल्या नातवाने प्रश्न अचूक जागी विचारला आहे, कारण ठाण्याच्या खाडीत छायाचित्रे रोहितांची (फ्लेमिंगोंची) निघतात आणि राबतात खेकडे.

खाडीचा चिखल वरवर तपकिरी दिसतो, पण काठीने दोन बोटे उकरला की खाली काळा लागतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. चिखलाचे कण इतके बारीक आणि पाण्याने इतके गच्च असतात की प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरच्या खाली पोहोचतच नाही. तेथील जिवाणू प्राणवायूशिवाय जगतात आणि त्यांच्या उद्योगातून हा विषारी वायू तयार होतो. आपल्या खाडीकाठी सर्वाधिक आढळणारे तिवराचे झाड यावर उपाय म्हणून जमिनीतून पेन्सिलीसारखी श्वसनमुळे वर काढते, हे आपण पाहिलेच असेल. खेकडे त्याच अडचणीवर दुसऱ्या बाजूने काम करतात. त्यांच्या बिळांतून भरतीचे ताजे पाणी खोलवर जाते, ओहोटीला हवा शिरते, साचलेले क्षार धुऊन निघतात आणि खालची माती वर, वरची खाली होत राहते. शेतात जे काम नांगर आणि गांडूळ मिळून करतात, ते येथे खेकड्याच्या वाट्याला आले आहे. ऑस्ट्रेलियातील कांदळवनात काही तुकड्यांतून खेकडे हटवून पाहिले, तेव्हा तेथील मातीत सल्फाइड आणि अमोनियम वाढले आणि झाडांची वाढ मंदावली, असे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले होते.

आता त्या गोळ्यांविषयी. एका फेब्रुवारीत ओहोटीच्या वेळी मी पाऊण तास एकाच खेकड्याकडे दुर्बिणीतून पाहत बसलो होतो. तो नर होता. त्याची एक नांगी अंगापेक्षा मोठी आणि दुसरी चिमुकली होती. मोठी नांगी माद्यांना खुणावण्याच्या आणि इतर नरांना दटावण्याच्या कामाची, खाण्याच्या कामी तिचा काडीचाही हातभार नाही. त्यामुळे बिचारा लहान नांगीने चिमूटभर चिखल उचलून तोंडाशी नेई, तोंडातील कुंच्यांसारख्या अवयवांनी त्यातील सूक्ष्म शेवाळ आणि जिवाणू वेचून घेई, आणि उरलेली माती गोळी करून बाजूला ठेवून देई. शेजारची मादी दोन्ही लहान नांग्यांनी भराभर जेवत होती. पाऊण तासात नराच्या बिळाभोवती गोळ्यांची पंगत उठल्यासारखे दृश्य झाले, आणि नंतर भरतीच्या पाण्याने ते सारे पुसून टाकले. दिवसातून दोनदा ओहोटी आणि चौरस मीटरमध्ये अशी कित्येक बिळे, म्हणजे चिखलाचा वरचा थर किती वेळा चाळला जात असेल, याचा अंदाज आपण आणि नातवाने मिळून करावा. याच चिखलात दुसऱ्या जातीचे खेकडे तिवराची गळलेली पाने ओढून बिळात नेतात. पान भरतीबरोबर वाहून जाण्याऐवजी तेथेच कुरतडले जाते, आणि त्याची विष्ठा होऊन सूक्ष्मजीवांच्या ताटात पडते.

या थरावर पुढची सारी गर्दी अवलंबून असते. निवटी मासा चिखलावर डोके डावी-उजवीकडे फिरवत तेच शेवाळ खरवडून खातो (आगरी-कोळी घरांतून निवट्यांच्या रश्श्याची चव ज्यांनी घेतली आहे, त्यांनी नकळत त्या शेवाळाचीही चव घेतली आहे). हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे तुतारी (सँडपायपर) आणि तिच्यासारखे पक्षी चिखलातील किडे आणि शिंपले टिपतात, कांदळवनात राहणारा सोनेरी कोल्हा रात्री खेकडे पकडतो, आणि बोय व जिताडा या माशांची पिल्ले तिवराच्या मुळांच्या आडोशाला वाढतात. रोहितही याच पंक्तीतला. धाकटा रोहित चोच उलटी धरून, जिभेच्या पंपाने पाणी आत-बाहेर करून, चोचीतील बारीक चाळणीने सूक्ष्म शेवाळ गाळून घेतो. मोठा रोहित त्याबरोबर बारीक कवचधारी प्राणी आणि किडेही खातो. पिसांचा गुलाबी रंग हा या अन्नातील रंगद्रव्यांचा आहे. साधारण नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत त्यांचा मुक्काम असतो. राज्य शासनाने २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग रोहित अभयारण्य म्हणून घोषित केला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

एक गोष्ट मात्र नातवाला सांगताना लपवू नये. या खाडीत शेवाळ इतके पिकते, त्यात आपल्या शहरांच्या सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरदाचाही हात आहे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे रोहितांची संख्या वाढली म्हणून खाडी स्वच्छ झाली, असा अर्थ काढता येत नाही. हेच सांडपाणी आणखी वाढले तर पाण्यातील प्राणवायू संपतो, आणि त्याची झळ पक्ष्यांच्या आधी मासे आणि खेकड्यांना बसते.

प्रश्न: मी सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. अन्नसाखळी शिकवताना एका मुलीने विचारले की साखळीतील प्रत्येक कडी सारखीच महत्त्वाची असते का. पुस्तकात याचे उत्तर नाही. (एक शिक्षिका, खारघर)

सारखीच नसते, आणि हे सिद्ध करायला एका माणसाने समुद्रात तारामासे फेकले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील पॅसिफिक किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने १९६३ पासून खडकाच्या एका पट्ट्यावरील सर्व तारामासे वेळोवेळी उचलून समुद्रात भिरकावले आणि शेजारचा पट्टा जसाच्या तसा ठेवला. जेथे तारामासे होते तेथे काही बदलले नाही. जेथे नव्हते तेथे शिंपल्यांनी हळूहळू सारा खडक व्यापला आणि इतरांना हुसकावले. सुरुवातीच्या १५ जातींपैकी ८ उरल्या. तारामासा संख्येने फार नव्हता, पण तो शिंपल्यांना खात होता म्हणून बाकीच्यांना पाय ठेवायला जागा होती. कमानीच्या माथ्यावरचा पाचरीसारखा दगड काढला की कमान ढासळते, त्या दगडावरून पेन यांनी १९६९ मध्ये अशा जातींना 'कीस्टोन' असे नाव दिले. मराठीत आपण त्यांना कळीची जाती म्हणू शकतो.

मुलीला सांगताना दोन गोष्टी जोडाव्यात. एक, पेन यांच्या खडकावर इतर काही प्राणी काढूनही फारसा फरक पडला नसता, म्हणजे प्रत्येक प्राणी गेला की सारे कोसळते ही समजूत खरी नाही. दोन, कोणता दगड माथ्यावरचा आहे हे कमानीकडे नुसते पाहून कळत नाही. पेन यांना तो काढून पाहावा लागला. वर्गात फळ्यावर साखळीऐवजी कोळ्याचे जाळे काढून एकेक धागा पुसून दाखवला, तर मुलांना हे चटकन समजते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न: आमची सोसायटी घोडबंदर रस्त्याला येऊरच्या डोंगराला लागून आहे. मागील भिंतीवरून बिबट्या गेल्याचे कॅमेऱ्यात दिसले. काही सदस्यांचे म्हणणे आहे की त्याला पकडून दूरच्या जंगलात सोडावे. बिबट्या येथे राहण्याने कोणाचे भले होते? (एक सोसायटी सदस्य, ठाणे पश्चिम)

आपल्या बाजूच्या वाघबीळ गावाचे नाव लक्षात घेता, अशा पाहुण्यांची ही पहिली खेप नाही. येऊरचे आदिवासी पाडे सोसायट्यांच्या कितीतरी आधीपासून या जनावराच्या शेजारी राहत आहेत, आणि वाघोबाची पूजा करून, पण रात्री अंगणात लहान मूल एकटे न सोडता, त्यांनी तो शेजार निभावला आहे.

आधी तातडीचे सांगतो. पकडून दूर सोडण्याचा उपाय आपल्याच राज्यात मोठ्या प्रमाणावर करून झाला आहे. जुन्नर परिसरात उसाच्या शेतांतून पकडलेले बिबटे दुसऱ्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९९३ ते २००१ या काळात तेथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, आणि मोठ्या प्रमाणावर स्थलांतर सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ही सरासरी १७ वर गेली. जेथे बिबटे सोडले, त्या भागातही हल्ले होऊ लागले. याचे कारण बिबट्याच्या राहणीत आहे. प्रौढ बिबट्याचा स्वतःचा मुलूख असतो. त्यातील पाणवठे, वाटा आणि माणसांच्या ये-जा करण्याच्या वेळा त्याला पाठ असतात, आणि म्हणूनच तो आपल्याला टाळू शकतो. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या एक तर घराकडे परत निघतो, नाही तर इतर बिबट्यांच्या हद्दींतून धक्के खात भटकतो. इकडे त्याची रिकामी झालेली जागा काही महिन्यांत दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या घेतो. म्हणजे ओळखीचा शेजारी घालवून अनोळखी आणला, असा हा व्यवहार होतो.

आता भल्याचा प्रश्न. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, ज्याचा येऊर हा एक भाग आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे, आणि चहूबाजूंनी वस्तीने वेढलेल्या एवढ्या जागेत बिबटे दाटीने राहतात. आतल्या बाजूला ते चितळ, रानडुक्कर, वानर असे भक्ष्य मारतात. कडेला, म्हणजे आपल्या भिंतीपाशी, त्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा वाटा सुमारे ४० टक्के धरून, येथील बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खात असावेत आणि त्यामुळे माणसांना होणारे सुमारे १,००० श्वानदंश टळत असावेत, असा अंदाज मांडला होता. अंदाज तो अंदाजच, त्याला हिशेबाच्या वहीतील आकड्याचे मोल देऊ नये. पण दिशा पटण्यासारखी आहे.

येथेच एक गाठ आहे, आणि ती सोसायटीच्या बैठकीत सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. कुत्री तेथे का आहेत? भिंतीमागे टाकलेल्या ओल्या कचऱ्यामुळे. म्हणजे आपल्या उरलेल्या भातावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांवर बिबट्या. कचऱ्याचा ढीग हटला, दिवे लागले, झुडपे छाटली गेली, आणि संध्याकाळनंतर मुले घोळक्याने खेळू लागली, तर बिबट्या भिंतीवरून गेला तरी भिंतीच्या आत उतरायला त्याला निमित्त राहत नाही. दिसलाच तर वनविभागाला कळवावे, त्याच्या मागे मोबाइल घेऊन धावू नये. गर्दीने कोंडलेला बिबट्या हाच बहुतेक वेळा जखमी करणारा बिबट्या असतो.

आपल्या पत्राच्या शेवटी 'बिबट्यामुळे जंगलाचा समतोल राहतो' असे एक वाक्य आहे. लांडगे परत आणल्यावर नद्यांचे प्रवाह बदलले, अशी अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानाची चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. तेथे १९९५ पासून लांडगे सोडले गेले आणि एल्क हरणांची संख्या घटली, हे खरे. झाडांवर आणि ओढ्यांवर झालेला परिणाम किती आणि कशामुळे, यावर मात्र शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. येऊरमध्ये तर माणूस, कुत्री, गुरे आणि रस्ते यांच्यामधून बिबट्याचा परिणाम वेगळा काढणे आणखी अवघड आहे. तेव्हा हे वाक्य सभेत बोलताना थोडे जपून बोलावे.

प्रश्न: आमच्या आवारात उंबराचे जुने झाड आहे. फळे पडून गाड्या खराब होतात, रात्री वटवाघळे येतात, फळांत किडे असतात. झाड तोडण्याची मागणी आहे. या झाडाचा प्राण्यांशी नेमका काय संबंध? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल झालात' असे म्हणतो. खरे तर उंबराला फुले शेकड्याने येतात, पण ती ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या पोटात असतात आणि म्हणून कोणाला दिसत नाहीत. ती दिसतात फक्त एका मुंगीहूनही लहान गांधीलमाशीला, आणि आपण ज्यांना किडे म्हणता ते तिचेच कुटुंब आहे.

कोवळ्या उंबराच्या टोकाशी एक सूक्ष्म छिद्र असते. मादी माशी त्यातून आत घुसते. वाट इतकी अरुंद असते की तिचे पंख तुटून दाराशीच राहतात. आत शिरल्यावर ती अंगावरून आणलेले पराग फुलांवर पसरवते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. अंड्यांतून आधी नर निघतात. त्यांना पंख नसतात, कारण ते आयुष्यात कधी बाहेर उडणार नसतात. ते माद्यांशी समागम करतात, फळाची भिंत कुरतडून बाहेर जाण्याचा मार्ग करतात आणि त्याच अंधारात संपतात. माद्या नवे पराग घेऊन त्या मार्गाने बाहेर पडतात. त्यांच्याजवळ जेमतेम एक-दोन दिवस असतात, आणि तेवढ्यात योग्य अवस्थेतील दुसरे उंबर गाठावे लागते. लहानपणी उंबर फोडून, फुंकर मारून, मग खाण्याची आमची रीत होती. ती फुंकर कोणावर पडत होती, हे फार उशिरा कळले.

माशीचे आयुष्य एवढे अल्प असल्यामुळे परिसरातील सगळ्या उंबरांनी एकाच वेळी फळून चालत नाही. कोठे ना कोठे एखादे झाड कायम फळत राहावे लागते. याचा लाभ माशीशी काहीही देणे-घेणे नसलेल्यांना होतो. आंबा, जांभूळ, करवंद संपले की जेव्हा रानात फळांचा दुष्काळ असतो, तेव्हा तांबट, कोकीळ, बुलबुल, राखी धनेश, खारी, वानरे आणि वटवाघळे उंबर, वड, पिंपळ या मंडळींवर दिवस काढतात. म्हणून उष्ण कटिबंधातील अनेक जंगलांत या झाडांना कळीची जाती मानतात. कमानीचा दगड नेहमी प्राणीच असतो असे नाही.

वटवाघूळ फळ तोडून झाडावरच बसून खात नाही, ते थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या झाडावर नेते. रस गिळते, चोथा थुंकते, आणि उंबराचे बारीक बी पोटातून जाऊन उडता उडता भलतीकडे पडते. उजाड टेकडीवर कोणी न लावता उगवलेले उंबर बहुधा अशाच रात्रपाळीचे फळ असते. आपल्या इमारतीच्या पाण्याच्या नळाजवळ उगवलेला पिंपळही पक्ष्याने तसाच पेरला आहे. काम तेच, जागा चुकली. वटवाघळाने कुरतडलेले फळ मात्र खाऊ नये, एवढी दक्षता पुरे.

झाड तोडण्यासाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे सदस्यांच्या कानावर घालावे. मला विचाराल तर गाड्या दुसरीकडे लावणे हा त्याहून स्वस्त मार्ग आहे.

प्रश्न: घरात पाळलेले, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले कासव आता मोठे झाले आहे. ते तलावात सोडले तर निसर्गाला मदतच होईल ना? (एक वाचक, ठाणे)

होणार नाही. आपण वर्णन केलेले, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले कासव मूळचे अमेरिकेतील आहे. ते दणकट असते, जवळजवळ काहीही खाते, आणि ऊन खाण्याच्या जागा व अन्न यांसाठी स्थानिक कासवांशी स्पर्धा करते. मासुंदा असो वा उपवन, आपल्या तलावांवर आधीच निर्माल्य, पाव आणि सांडपाणी यांचा भार आहे. डासांच्या अळ्या खातात म्हणून सोडले जाणारे गप्पी मासेही दक्षिण अमेरिकेतील आहेत. बंद टाकीत किंवा कारंज्यात ते ठीक, पण नैसर्गिक तलावात ते अळ्यांबरोबर इतर जलचरांची अंडी आणि पिल्लेही खातात. कासव सांभाळता येत नसेल तर प्राणी बचाव करणाऱ्या संस्थेला किंवा वनविभागाला विचारून त्यांच्या हवाली करावे. आणि ते भारतीय जातीचे निघाले तर ते घरात ठेवणेच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न: माझे बालपण मुरबाडकडच्या गावात गेले. मेलेल्या गुराभोवती गिधाडांचा थवा उतरे. आता नेरूळला राहतो. गावी गेलो तरी एकही दिसत नाही. ती गेल्याने आपले काय गेले? (एक वाचक, नेरूळ)

आपण जे पाहिले ते सांगणारी कदाचित आपली शेवटची पिढी. पांढऱ्या पाठीचे गिधाड ऐंशीच्या दशकात जगातील सर्वांत विपुल मोठ्या शिकारी पक्ष्यांत गणले जाई. १९९२ ते २००७ या काळात भारतात त्याची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. रोग, उपासमार, कीटकनाशके अशा सर्व शंका घेऊन झाल्यावर २००४ मध्ये खरे कारण सापडले: गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक. औषध दिलेले जनावर थोड्या दिवसांत मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. गिधाडे थव्याने जेवत असल्यामुळे अशा एका मेलेल्या जनावराभोवती डझनावारी मरत. शंभरांतील एका गुराच्या देहात हे औषध असले तरी अशी घसरण व्हायला ते पुरेसे होते, असे गणिताने दिसून आले. त्यात गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. भारतात गुरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली.

गिधाडे मेलेले जनावर तासाभरात हाडांपर्यंत साफ करत, आणि त्यांच्या जठरातील तीव्र आम्लात बहुतेक रोगजंतू संपून जात. ही जागा कोणी घेतली? घारी आणि कावळ्यांना गुराची कातडी फाडता येत नाही. कुत्र्यांनी घेतली, पण कुत्री सावकाश खातात, अर्धवट सोडतात, तुकडे ओढून पाणवठ्यापर्यंत नेतात, आणि खाऊन खाऊन वाढतात. वाढलेल्या कुत्र्यांबरोबर रेबीजचा धोकाही वाढतो. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी, गिधाडे असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांची तुलना करून, २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या ऱ्हासामुळे दरवर्षी सुमारे एक लाख अधिक माणसे दगावली असावीत, असा निष्कर्ष मांडला. मुंबईतील पारशी समाजाला तर दखम्यात मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याच्या आपल्या अंत्यविधीच्या परंपरेतच बदल करावे लागले. म्हणजे एकच पक्षी गेला, पण त्याची किंमत दवाखान्यापासून दखम्यापर्यंत चुकवावी लागली.

आपल्याला पुन्हा गिधाडे पाहायची असतील तर फार लांब जावे लागणार नाही. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव परिसरात गावकऱ्यांनी त्यांची घरटी जपली आहेत. सकाळी ऊन तापून हवा वर चढू लागली की ती घिरट्या घालत उंच जातात, दुर्बीण न्यावी.

प्रश्न: डासांचे निसर्गात काय काम आहे? सगळे डास मारले तर? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोपरखैरणे)

जगात डासांच्या ३,५०० च्या आसपास जाती आहेत आणि त्यांतील थोड्याच माणसाच्या वाटेला जातात. नर डास तर रक्त पीतच नाहीत, फुलांचा रस पितात. अळ्या पाण्यातील सूक्ष्म कण गाळून खातात आणि स्वतः मासे व चतुरांच्या पिल्लांचे खाद्य होतात; प्रौढ डासांवर चतुर, पाकोळ्या आणि लहान वटवाघळे तुटून पडतात. त्यामुळे सगळे डास मारण्याचा बेत मी मान्य करणार नाही.

पण आपल्या खोलीत दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डेंग्यूचा डास हे वेगळे प्रकरण आहे. तो मूळचा आफ्रिकेतला, माणसाबरोबर जहाजांतून जगभर पसरलेला, आणि आपल्याच टाक्या, टायर व कुंड्यांमध्ये वाढणारा. तो येथून नाहीसा झाला तर कोणी पाकोळी उपाशी मरेल असे मला वाटत नाही, आणि त्याच्याविषयी मी कोणतीही रदबदली करणार नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून कुंडीखालच्या ताटलीतील पाणी आठवड्यातून एकदा ओतून द्यावे. नुसते ओतणे मात्र पुरत नाही, कारण मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ताटलीच्या कडेला चिकटवते, आणि ती कोरड्यातही कित्येक महिने टिकून पहिल्या पावसाची वाट पाहतात. तेव्हा ताटली ओतल्यावर तिची कड घासणीने चांगली घासून काढावी.